'मालिका संथ आहे' असे प्रेक्षक म्हणतो तेव्हा: 'लाँगमायर' आणि ग्रामीण पोलीस मालिकेचे लेखन

प्रश्न: तालुक्याच्या एका पोलीस ठाण्याभोवती फिरणारी मालिका लिहीत असलेल्या एका तरुण लेखिकेने मला विचारले आहे की, अमेरिकेतील वायोमिंग राज्यातल्या एका ग्रामीण शेरीफवरची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखावरची, 'लाँगमायर' ही मालिका 2012 मध्ये नवी होती तेव्हा, आणि नंतरही, प्रेक्षकांनी तिच्याविषयी परस्परविरोधी मते दिली. कोणाला ती संथ आणि कंटाळवाणी वाटली, तर कोणाला त्याच संथपणामुळे जवळची वाटली. कोणी विचारले की एवढ्याशा वस्तीत इतके खून कसे होतात, तर कोणी म्हणाले की तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमाती आणि तिथला कायदा असा नाही. भरपूर प्रेक्षक असूनही वाहिनीने ती तीन हंगामांनंतर बंद केली. असे असेल तर लिहिणाऱ्याने प्रेक्षकांचे कोणते म्हणणे मनावर घ्यावे?

उत्तर: माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्हाला ते तपासून पाहता येईल. गेली 22 वर्षे मी मराठी आणि हिंदी गुन्हेमालिकांच्या पटकथा लिहीत आलो आहे, आणि या काळात प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचे दोन ढीग करण्याची सवय मला लागली आहे. पहिल्या ढिगात प्रेक्षक स्वतःच्या सवयीविषयी आणि धीराविषयी बोलत असतो: मालिका संथ आहे, नायक फार गप्प आहे, खून फार होतात. दुसऱ्या ढिगात तो स्वतःला ठाऊक असलेल्या गोष्टीविषयी बोलतो: आमच्याकडे असे होत नाही, आमचे लोक असे बोलत नाहीत, त्या हद्दीत त्या अधिकाऱ्याचा हुकूम चालत नाही. पहिल्या ढिगातल्या प्रत्येक वाक्याचा अर्थ लावावा लागतो, आणि अर्थ लावल्यावर कधी कधी काहीही न बदलणे हेच योग्य ठरते. दुसऱ्या ढिगातले वाक्य मात्र जसेच्या तसे घ्यावे, कारण त्या जागी प्रेक्षक आपल्यापेक्षा जास्त जाणतो.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. क्रेग जॉन्सन यांची वॉल्ट लाँगमायर या शेरीफवरची कादंबरीमाला 2004 मध्ये सुरू झाली. तिच्यावर आधारलेली मालिका ए अँड ई या वाहिनीवर 3 जून 2012 रोजी आली आणि पहिला भाग सुमारे 41 लाख लोकांनी पाहिला. ॲब्सरोका ही काल्पनिक कौंटी (आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग), ड्युरंट हे तिचे मुख्य गाव, आणि रॉबर्ट टेलर या ऑस्ट्रेलियन नटाने उभा केलेला वॉल्ट. त्याच्या पत्नीच्या मृत्यूला वर्ष झाले आहे, कामावर तो आहे आणि नाहीही, तो मोबाइल बाळगत नाही आणि फोर्ड ब्राँको गाडीतून एकटाच हिंडतो. फिलाडेल्फियासारख्या मोठ्या शहराच्या पोलिसांतून आलेली व्हिक, महत्त्वाकांक्षी ब्रँच आणि बुजरा फर्ग हे त्याचे तीन डेप्युटी. आणि रेड पोनी नावाचे मद्यगृह चालवणारा शायेन जमातीचा हेन्री स्टँडिंग बेअर हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र.

संथपणाची तक्रार या मालिकेला अगदी सुरुवातीपासून चिकटली, म्हणून तिच्यावर थोडे जास्त थांबतो. शहरातल्या गुन्हेमालिकेत प्रयोगशाळेचा अहवाल, सीसीटीव्हीचे चित्रण, मोबाइलचे लोकेशन ही साधने पात्रांना एका प्रसंगातून पुढच्या प्रसंगात ढकलत असतात आणि लेखकाचे निम्मे काम तीच करतात. वॉल्टच्या कौंटीत ही साधने एक तर नसतात किंवा फार उशिरा हाती येतात. तिथला तपास भेटीगाठींतून पुढे सरकतो: लांबवर गाडी हाकत जायचे, कोणाच्या तरी दाराशी उभे राहायचे, गुरांची आणि हवामानाची विचारपूस करायची आणि मग मुद्द्यावर यायचे. आपला बीट हवालदार वाडीवर जातो तेव्हाही असेच होते. आधी चहा होतो, पाऊसपाण्याचे बोलणे होते, आणि उठता उठता तो सहज विचारतो की थोरला मुलगा हल्ली कुठे असतो. हा सगळा वळसा कापून टाकला तर प्रेक्षकाला वेग मिळेल, पण चौकशी करणारा आणि ज्याची चौकशी होते तो हे दोघे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात ही गोष्टच पडद्यावरून नाहीशी होईल, आणि ग्रामीण गुन्हेकथेचे सगळे बळ त्या ओळखीत आहे.

तरीही प्रत्येक संथपणाची अशी पाठराखण करता येत नाही. माझ्या अनुभवात प्रेक्षक 'संथ' हा शब्द वापरतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला म्हणायचे असते की, हा प्रसंग कोणत्या प्रश्नावर उभा आहे ते मला कळत नाही. प्रश्न मनात पक्का रोवलेला असेल तर माणूस दोन मिनिटे नुसती गाडी चालवतो आहे हेसुद्धा लोक श्वास रोखून पाहतात. 'लाँगमायर'च्या पहिल्या हंगामात असा एक प्रश्न सर्व भागांच्या खालून वाहत होता: डेन्व्हरमध्ये काय घडले आणि वॉल्ट व हेन्री मिळून काय लपवत आहेत? आईचा मृत्यू कर्करोगाने झाला असे वॉल्टने मुलीला, कॅडीला, सांगितलेले असते, आणि हंगाम संपत येतो तेव्हा तिला कळते की आईचा खून झाला होता. हा धागा ज्यांनी धरून ठेवला त्यांना वॉल्टचे गप्प राहणे भरलेले वाटले. तेच मौन, फक्त त्या आठवड्याचा खुनी कोण एवढेच पाहणाऱ्यांना रिकामे वाटले. या दुसऱ्या प्रेक्षकांचीही बाजू आहे, कारण आठवड्याची स्वतंत्र रहस्ये अनेकदा कमकुवत होती. एका भागापुरता ओळखीचा नट आला की तोच गुन्हेगार असणार हे प्रेक्षक अर्ध्या भागात ओळखत असे, आणि उत्तर आधीच कळल्यावर पुढची वीस मिनिटे कितीही सुंदर डोंगर दाखवले तरी ती लांबच वाटणार.

याला एक पुरावा मालिकेच्याच पुढच्या प्रवासात सापडतो. ए अँड ईवर प्रत्येक भाग जाहिराती वगळून सुमारे 42 मिनिटांचा असे. चौथ्या हंगामापासून मालिका नेटफ्लिक्सवर गेली, जाहिरातींचे थांबे गेले आणि भाग तासाभराच्या आसपास पोहोचले. त्यानंतर पसरटपणाची कुरकूर अशा लोकांकडूनही ऐकू आली जे पहिल्या तीन हंगामांवर जीव टाकत होते. मला ही कुरकूर फार बोलकी वाटते. जाहिरातीचा ब्रेक लेखकाला नकोसा असतो, पण दर आठ-दहा मिनिटांनी प्रेक्षकाच्या हातात एक अनुत्तरित प्रश्न ठेवून जाण्याची शिस्त तोच लावतो. तो गेला की प्रसंग कुठे संपवावा याचा धाक उरत नाही. तुमची मालिका ओटीटीसाठी असली तरी वनलाइन, म्हणजे प्रसंगांचा एकेका ओळीतला आराखडा, करताना ब्रेक आहेत असे समजूनच ती पाडा, असे मी आग्रहाने सांगेन.

नायक गप्प असल्याची तक्रार याच घरातली आहे. गप्प माणूस तेव्हाच पेलवतो जेव्हा तो काय बोलत नाही हे आपल्याला माहीत असते, किंवा त्याच्या शेजारी त्याला सतत डिवचणारे कोणीतरी असते. वॉल्टच्या शेजारी व्हिक होती, फटकळ आणि शहरी. ज्या भागांत त्या दोघांना वेगवेगळ्या कामांवर धाडले गेले त्या भागांत त्याचे मौन जड झाले.

आता खुनांच्या संख्येबद्दल. कादंबऱ्यांतल्या गावामागे बफेलो हे खरे गाव आहे आणि ते जॉन्सन कौंटीचे मुख्यालय आहे. या कौंटीचे क्षेत्रफळ सुमारे 10,800 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दुपटीहून अधिक. आणि लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत सुमारे साडेआठ हजार, म्हणजे सिंधुदुर्गच्या 2011 च्या लोकसंख्येचा जेमतेम शंभरावा भाग. अख्ख्या वायोमिंग राज्यात 2020 मध्ये 5,76,851 माणसे होती. अशा ठिकाणी 63 भागांत इतके मृतदेह सापडणे गणिताने अशक्य आहे, यात वाद नाही. पण खून मोजू लागलेला प्रेक्षक खरे तर वेगळीच गोष्ट सांगत असतो. तो मोजू लागतो कारण झालेल्या खुनाचे ओरखडे गावावर राहत नाहीत. साडेआठ हजारांच्या वस्तीत एक खून झाला तर किराणा दुकानात, चर्चमध्ये, शाळेत वर्षभर दुसरा विषय निघणार नाही. मालिकेत मात्र पुढच्या आठवड्यात कोणाला त्याची आठवणही नसते. तिसऱ्या हंगामाच्या अखेरीस वॉल्टच्या आपल्या माणसांमध्येच एक घाव बसतो आणि त्याचे पडसाद पुढे कितीतरी भाग उमटत राहतात, तेव्हा खुनांच्या संख्येबद्दल कोणी बोलत नाही, हे तुम्ही स्वतः पाहून पडताळू शकता.

तुमच्या ठाण्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की खून कमी करून गुन्हे वाढवा. बांधावरचे भांडण, वाळूउपसा, विहिरीच्या पाण्याचा हिस्सा, सातबाऱ्यावर परस्पर लागलेले नाव, ऊसतोड टोळीच्या मुकादमाने बुडवलेली उचल, आणि ठाण्याच्या डायरीत 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंदलेली पण हवालदाराच्या मनात न बसलेली एखादी घटना. यांपैकी प्रत्येकात खुनाइतकाच ताण भरता येतो आणि ग्रामीण प्रेक्षक त्यावर शंका घेत नाही, कारण हे त्याच्या शेजारी घडत असते.

ही मालिका ज्या मराठी लोकांना मी पाहायला दिली त्यांतल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असा होता की हा शेरीफ म्हणजे नेमका कोण, आपला पोलीस निरीक्षक की उपअधीक्षक? दोन्ही नाही. तो त्या कौंटीने मतदान करून निवडलेला माणूस असतो. वायोमिंगच्या 23 कौंट्यांपैकी प्रत्येक कौंटी चार वर्षांसाठी शेरीफ निवडते. एवढेच कशाला, अनपेक्षित मृत्यूची चौकशी करणारा कोरोनरही तिथे निवडून येतो आणि तो डॉक्टर असलाच पाहिजे असे नाही. पहिल्या हंगामात ब्रँच हा वॉल्टचा हाताखालचा डेप्युटी त्याच्याच विरुद्ध निवडणुकीला उभा राहतो, तेव्हा आपल्याकडच्या प्रेक्षकांना ते अतिरंजित वाटले. प्रत्यक्षात ते तिथे कायदेशीर आहे आणि घडतेही. मला तर मालिकेतला सर्वांत सकस भाग हाच वाटतो, आणि त्याची पुरेशी वाखाणणी झाली नाही याची खंतही वाटते. ज्या माणसाच्या दारात उद्या मत मागायला जायचे आहे त्याच्या मुलाला आज बेड्या घालायच्या, हा पेच कोणत्याही पाठलागापेक्षा मोठा आहे. शेरीफ कोणाचा, मोठ्या पशुधनवाल्यांचा की लहान शेतकऱ्यांचा, हा प्रश्न तर त्या भूमीत फार जुना आहे. 1892 मध्ये याच जॉन्सन कौंटीत बड्या पशुधनमालकांनी भाडोत्री बंदूकवाले आणले तेव्हा तिथला शेरीफ रेड अँगस स्थानिक लोकांना घेऊन त्यांच्यावर चालून गेला, आणि वेढ्यात सापडलेल्या त्या बंदूकवाल्यांच्या सुटकेसाठी अखेर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना घोडदळ पाठवावे लागले.

मात्र या रचनेचा मोह पडून तुम्ही आपल्या निरीक्षकाला वॉल्टच्या जागी बसवू नका. आपला ठाणेप्रमुख राज्याच्या पोलीस दलाचा माणूस असतो, बदलीवर येतो आणि बदलीवर जातो. गाव त्याला साहेब म्हणते, पण तो गावाचा नसतो. गावात जन्मलेला, गावातच मरणारा आणि तरीही कायद्याच्या बाजूने बोलावे लागणारा आपल्याकडचा माणूस म्हणजे पोलीस पाटील. 1967 च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाखाली त्याची नेमणूक होते, त्याला निवडून यावे लागत नाही, पण भावकी आणि कर्तव्य यांच्या मधोमध तो जसा सापडतो तसा वॉल्टदेखील सापडत नाही. गाव ओळखणारा पण अधिकार नसलेला पाटील आणि अधिकार असलेला पण गाव न ओळखणारा साहेब, ही जोडी आपल्या मातीतली आहे आणि तिच्यावर अजून फार थोडे लिहिले गेले आहे.

आता दुसरा ढीग, म्हणजे ज्यांना ठाऊक होते त्यांचे म्हणणे. वायोमिंगच्या रहिवाशांनी पहिल्याच भागात ओळखले की हे वायोमिंग नाही. चित्रीकरण न्यू मेक्सिकोमध्ये झाले होते: ड्युरंटचा चौक म्हणजे तिथल्या लास व्हेगास नावाच्या लहानशा गावाचा चौक, आणि वॉल्टचे लाकडी घर व्हॅयेस काल्देरा या संरक्षित माळावर. मला ही तडजोड क्षम्य वाटते, कारण चित्रीकरण कुठे करायचे हे पैशांवर ठरते. शायेन जमातीच्या राखीव प्रदेशाचे, म्हणजे जमातीसाठी राखून ठेवलेल्या तिच्या भूमीचे, तसे नाही. मालिकेत तो वायोमिंगमधल्या कौंटीला लागून आहे. प्रत्यक्षात उत्तर शायेन लोकांचा प्रदेश शेजारच्या मोंटाना राज्यात आहे आणि वायोमिंगमध्ये एकच राखीव प्रदेश आहे, विंड रिव्हर, जो पूर्व शोशोनी आणि उत्तर अरापाहो या जमातींचा आहे. काल्पनिक कौंटीसाठी नकाशा सरकवणे लेखकाला करावे लागते हे मी समजू शकतो, पण ज्या जमातीला तिच्या भूमीवरून हुसकावण्याचा इतिहास आहे तिचा पत्ता बदलताना त्या जमातीच्या प्रेक्षकाला काय वाटेल याचा विचार आधी व्हायला हवा.

कायद्याबाबतचे आक्षेप तर याहून मोलाचे होते. राखीव प्रदेशात शेरीफने मनाला येईल तसे शिरून तपास करावा असे घडत नाही. 1885 च्या मेजर क्राइम्स ॲक्टपासून तिथले जमातीच्या माणसांनी केलेले खुनासारखे गंभीर गुन्हे संघराज्याच्या, म्हणजे एफबीआय आणि संघराज्याच्या वकिलांच्या, कक्षेत येतात. आणि 1978 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑलिफंट खटल्यात ठरवले की जमातीच्या न्यायालयाला बाहेरच्या माणसावर फौजदारी खटला चालवता येत नाही. म्हणजे बाहेरच्या पुरुषाने राखीव प्रदेशात जमातीच्या स्त्रीवर हात उचलला तर जमातीच्या न्यायालयाला त्याच्यावर खटला चालवता येत नव्हता, शेरीफला अधिकार नव्हता, आणि संघराज्याचा वकील लांबच्या शहरात असे. ही मालिका चालू असतानाच, 2013 मध्ये, नव्या कायद्याने घरगुती हिंसाचारापुरता थोडा अधिकार जमातींना परत मिळाला. लेखकांना या पेचाची जाण होती हे उघड आहे. जमातीच्या पोलिसांचा प्रमुख मथायस वॉल्टला हद्दीवर अडवतो, आणि त्याच्या आधीचा प्रमुख मलाकाय याला वॉल्टनेच तुरुंगात धाडलेले असल्यामुळे तिथे वॉल्टविषयी जुना राग आहे. हे प्रसंग मालिकेतल्या उत्तम प्रसंगांपैकी आहेत. पण कथेला घाई असली की वॉल्ट ती हद्द सहज ओलांडतो, आणि ज्यांनी हा कायदा अंगावर झेलला आहे त्या प्रेक्षकांनी त्यावर बोट ठेवले. त्यांचे ऐकून हद्दीचा अडथळा खरा ठेवला असता तर मालिका अधिक अचूक झाली असती हे तर आहेच, पण तिच्यातले नाट्यही वाढले असते. माहीतगार प्रेक्षकाच्या आक्षेपात बहुधा एक न लिहिलेला प्रसंग दडलेला असतो, आणि म्हणूनच मी तो ढीग वेगळा ठेवतो.

हेन्रीच्या भूमिकेबद्दलही असेच दुहेरी बोलले गेले. लू डायमंड फिलिप्स हे शायेन नाहीत. त्यांचा जन्म फिलिपिन्समधला. त्यांच्या कामावर लोकांनी प्रेम केले आणि त्याच वेळी ही भूमिका शायेन नटाला का मिळाली नाही असेही विचारले, आणि दोन्ही भावना एकाच प्रेक्षकाच्या मनात असू शकतात. हेन्री इंग्रजी बोलताना शब्दांची आखूड जोडरूपे टाळतो, प्रत्येक शब्द सुटा आणि पूर्ण उच्चारतो. कादंबऱ्यांतूनच आलेली ही लकब काहींना कृत्रिम वाटली, मला तिच्यात एक राखलेले अंतर ऐकू आले. मथायसचे काम करणारे लकोटा वंशाचे नट झान मॅक्लार्नन पुढे 2022 मध्ये 'डार्क विंड्स' या नवाहो पोलिसांवरील मालिकेचे नायक झाले, जिची सूत्रे मूळ रहिवासी लेखक-दिग्दर्शकांच्या हाती होती. तरीदेखील नवाहो भाषकांनी पहिल्या हंगामातल्या भाषेच्या उच्चारांवर टीका केली. एवढी काळजी घेऊनही चुका राहतात, तर आपण मालवणी, अहिराणी किंवा झाडीबोली बोलणारे पात्र पुण्या-मुंबईत बसून लिहितो तेव्हा किती राहत असतील याची कल्पना करा.

राहिला मालिका बंद होण्याचा प्रश्न. ऑगस्ट 2014 मध्ये ए अँड ईने मालिका थांबवली तेव्हा ती त्या वाहिनीच्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या कथामालिकांपैकी होती. अडचण प्रेक्षकांच्या वयाची होती. तिच्या प्रेक्षकांचे मध्य वय साठीच्या आसपास होते, आणि जाहिरातदार मुख्यतः 18 ते 49 या वयोगटासाठी पैसे मोजत. शिवाय मालिका वॉर्नर होरायझन या बाहेरच्या निर्मितीसंस्थेची होती, वाहिनीच्या मालकीची नव्हती. प्रेक्षकांनी पत्रांचा आणि संदेशांचा मारा केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नेटफ्लिक्सने ती घेतली; तिथे महिन्याची वर्गणी भरणारा पासष्टीचा माणूस आणि पंचविशीचा माणूस सारखेच मोलाचे होते. आणखी तीन हंगाम होऊन 17 नोव्हेंबर 2017 रोजी मालिका संपली. बफेलो गावात दर वर्षी तिच्या नावाने उत्सव भरतो आणि लांबलांबचे लोक तिथे येतात.

यावरून लेखकाने एवढे लक्षात घ्यावे की मालिका बंद पडणे ही प्रेक्षकांची प्रतिक्रिया असतेच असे नाही. आपल्याकडे बार्क या टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेच्या मोजणीत ग्रामीण घरांचे आकडे ऑक्टोबर 2015 पासून येऊ लागले, आणि ते येताच विनामूल्य दिसणाऱ्या हिंदी वाहिन्या एकदम वरच्या क्रमांकांवर पोहोचल्या. ते लोक आदल्या दिवशीही टीव्ही पाहतच होते. 2013 मध्ये माझी एका दूरक्षेत्रातल्या, म्हणजे ठाण्यापासून लांबच्या पोलीस चौकीतल्या, हवालदारावरची कथा एका वाहिनीने परत केली होती आणि ती ठाणे शहरात किंवा पुण्यात हलवा असे सांगितले होते, कारण गावातला प्रेक्षक आकड्यांत दिसत नव्हता. मी ती हलवली, आणि त्या हवालदारातला जीव गेला. आज मला त्याचे वाईट वाटते, म्हणून तुम्हाला सांगतो की कथेचे गाव बदलायला सांगितले गेले तर आधी विचारा की ही मागणी पाहणाऱ्याची आहे की मोजणाऱ्याची.

प्रत्यक्षात काय करावे ते माझ्या एका चुकीतून सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका भागात कोकणातल्या वाडीतल्या विहिरीत मृतदेह सापडतो असा प्रसंग होता. मी गावकऱ्यांकडून तो दोर टाकून वर काढवला, मग पोलीस आले आणि काठावर पंचनामा झाला. प्रसारणानंतर बऱ्याच लोकांनी तो प्रसंग लांबल्याचे कळवले आणि मी त्यावर विचार करत बसलो. त्याच आठवड्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पोलीस पाटलांचे दोन पानी पत्र आले. त्यांनी लिहिले होते की पोलीस येईपर्यंत प्रेताला कोणाला हात लावू न देणे हेच त्या वेळी पाटलाचे काम असते, आणि तेच सर्वांत अवघड असते, कारण आई विहिरीच्या काठावर बसून पोराला वर काढा म्हणून टाहो फोडत असते, ठाण्याची गाडी घाटात असते, आणि अडवणारा पाटील तिचा चुलत दीर असतो. पंच म्हणून सही करायला मग वाडीतले कोणी पुढे येत नाही, आणि तीही माणसे त्यालाच गोळा करावी लागतात.

लांबल्याची तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे मी त्या पत्रामुळे नव्याने समजलो. माझ्या प्रसंगात वाट पाहणेच नव्हते, म्हणून तो लांब वाटत होता. तेव्हापासून ग्रामीण भागातला प्रत्येक मसुदा मी चित्रीकरणाआधी दोन माणसांना वाचून दाखवतो: एक निवृत्त ठाणे अंमलदार आणि एक पोलीस पाटील. आवडले का असे मी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर भिडेपोटी दिले जाते. हे आमच्याकडे असे होणार नाही असे कुठे वाटले, एवढेच विचारतो, त्या ओळीवर खूण करतो आणि मग तिथे काय होते ते त्यांना सांगू देतो. तुमचे पहिले दोन भाग तयार झाले की हे करा, आणि ते बोलत असताना त्यांना मध्येच थांबवू नका.